घरच्या घरी वॉफल: मशीन आणलं, पीठ भिजवलं, मग कुरकुरीत का होत नाही?

इन्स्टाग्रामवर वॉफलची रील साधारण एकाच पद्धतीची असते. मशीनचं झाकण उघडतं, सोनेरी चौकटींचा वॉफल अलगद सुटून येतो, वरून चॉकलेट ओतलं जातं. पाहणाऱ्याला वाटतं, एवढं तर आपणही करू. मशीन ऑनलाइन मागवलं जातं, रविवारी सकाळी पीठ भिजवलं जातं आणि पहिलाच वॉफल झाकण उघडताना मधोमध फाटतो. अर्धा वर चिकटलेला, अर्धा खाली. दुसरा सुटतो, पण ताटात ठेवेपर्यंत मऊ पडतो. दोन-तीन रविवार असेच गेले की मशीन माळ्यावर जातं.

यात दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो. वॉफल दिसतो केकसारखा, पण त्याला लागणारं पीठ केकचं नसतं आणि भाजण्याची पद्धत तर अजिबातच नसते. पिठात काय घडतं आणि तापलेल्या साच्यात काय घडतं हे एकदा कळलं की महागडं प्रीमिक्सही लागत नाही.

वॉफल आला कुठून?

मध्ययुगीन युरोपात लांब दांड्याच्या दोन लोखंडी पात्यांमध्ये पातळ पीठ दाबून विस्तवावर भाजायची पद्धत होती. चर्चमधल्या विधींसाठीच्या पातळ चकत्याही अशाच साच्यांत होत. पुढे पात्यांवर खोलगट चौकटी आल्या आणि पिठात अंडी, लोणी, यीस्ट आलं. 'वॉफल' हा शब्द डच भाषेतल्या 'वाफेल'वरून आला. इंग्रजीतला 'वेफर' हा त्याच घराण्यातला शब्द. म्हणजे आपल्याकडे उपवासाला खाल्ले जाणारे बटाटा वेफर्स आणि दुकानातला चॉकलेट वॉफल हे नावापुरते तरी भाऊबंद आहेत.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरातल्या कॉर्नेलियस स्वॉर्टवाउट यांनी चुलीवर ठेवून उलटवता येईल अशा वॉफलच्या साच्याचं पेटंट २४ ऑगस्ट १८६९ रोजी मिळवलं. अमेरिकेत २४ ऑगस्टला वॉफल दिन साजरा होतो तो याच कारणाने. स्वीडनमध्ये मात्र हा दिवस २५ मार्चला येतो आणि त्यामागे आहे शब्दांचा गोंधळ. मेरीमातेच्या सणाचं स्वीडिश नाव 'वॉरफ्रूडॉगेन' आणि वॉफल दिनाचं 'वॉफेलडॉगेन'. बोलता बोलता एकाचं दुसरं झालं आणि लोक त्या दिवशी वॉफल खाऊ लागले.

'बेल्जियन वॉफल' हे नावही बेल्जियमपेक्षा अमेरिकेत जास्त रुळलं. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात मॉरिस व्हर्मेर्श यांच्या कुटुंबाने स्ट्रॉबेरी आणि फेटलेली साय घातलेले वॉफल विकले आणि ते तुफान चालले. खुद्द बेल्जियममध्ये 'बेल्जियन' असा एकच वॉफल नाही. ब्रसेल्सचा वॉफल आयताकृती, हलका, खोल खणांचा असतो आणि त्याचं पातळसर पीठ यीस्टने फुगवलेलं असतं. लिएजचा वॉफल कणकेसारख्या घट्ट, लोण्याने भरलेल्या गोळ्यातून होतो. त्यात साखरेचे टणक मणी मिसळतात, ते साच्यात वितळतात आणि वॉफलला बाहेरून कॅरॅमलचा कडक लेप बसतो.

आणखी एक गोष्ट, खाण्याशी संबंध नसलेली. अमेरिकेतले धावण्याचे प्रशिक्षक आणि नायकी कंपनीचे सहसंस्थापक बिल बॉवरमन यांनी १९७१ च्या सुमारास बुटाच्या तळव्याची नक्षी शोधताना घरच्या वॉफलच्या साच्यात रबर ओतलं. साचा कायमचा वाया गेला, पण त्यातून पुढे नायकीचा 'वॉफल ट्रेनर' बूट आला.

भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत हा पदार्थ मॉलमधून गल्लीत आला. इथे तो प्लेटऐवजी घडी घालून, मध्ये सॉस भरून, हातात कागदी पाकीट धरून खायचा पदार्थ झाला. शिवाय बहुतेक ठिकाणी तो बिनअंड्याचा असतो. घरी करताना हा फरक महत्त्वाचा आहे, कारण परदेशी रेसिपी अंड्यावर उभी असते आणि त्यातलं अंडं नुसतं वगळलं तर पीठ कोसळतं.

साच्यात नेमकं काय होतं?

पीठ तापलेल्या पात्यांवर पडतं तेव्हा एकाच वेळी तीन गोष्टी सुरू होतात. बेकिंग पावडर किंवा सोड्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि पीठ फुगतं. पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडता पडता आत पोकळ्या करते. आणि पात्याला टेकलेला थर कोरडा होत गेला की त्याचं तापमान १०० अंशांच्या वर चढतं. साधारण १४० अंशांपुढे प्रथिनं आणि साखरेची एकमेकांशी प्रक्रिया वेगाने होऊ लागते, रंग सोनेरी-तपकिरी होतो आणि तो खमंग वास सुटतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये ही प्रक्रिया मांडली, म्हणून तिला मेयार प्रक्रिया म्हणतात. भाकरीला पडणारे डाग, पावाची साल, भाजलेली कॉफी, सगळीकडे हीच.

इथेच बहुतेकांचा वॉफल फसतो. वरचा थर ओला असेपर्यंत त्याचं तापमान १०० च्या आसपासच अडकलेलं असतं. ना रंग येत, ना कुरकुरीतपणा. म्हणजे कुरकुरीत वॉफलसाठी पाणी बाहेर जाणं गरजेचं आहे आणि ते जायला वेळ लागतो. अनेक मशीनचा हिरवा दिवा 'झालं' म्हणतो तेव्हा वॉफल शिजलेला असतो, कुरकुरीत झालेला नसतो. दिव्यापेक्षा वाफेकडे बघणं जास्त भरवशाचं. कडेने जोरात येणारी वाफ जवळजवळ थांबली की वॉफल तयार. त्याआधी झाकण उघडलं की आतला भाग अजून ओला असतो, तो दोन्हीकडे ओढला जातो आणि वॉफल मधोमध फाटतो. पहिला वॉफल चिकटण्याचं हेच सर्वात मोठं कारण आहे.

पीठ: काय आणि किती

माप आधी ठरवू. इथे १ कप म्हणजे २४० मिली, मोठा चमचा १५ मिली, छोटा चमचा ५ मिली. घरातली वाटी लहान-मोठी असते, त्यामुळे कप नसेल तर मैदा, दूध, दही सगळं एकाच वाटीने मोजावं आणि बाकीचं त्या अंदाजाने कमी करावं.

अंड्याचा वॉफल, मध्यम आकाराचे तीन ते चार: १ कप मैदा (साधारण १२५ ग्रॅम), २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, २ छोटे चमचे बेकिंग पावडर, १ मोठा चमचा साखर, पाव छोटा चमचा मीठ, १ अंडं, पाऊण कप दूध आणि ४ मोठे चमचे वितळवलेलं लोणी किंवा तेल. बाजारातलं खारं बटर वापरणार असाल तर मीठ वगळा.

बिनअंड्याचा: मैदा, कॉर्नफ्लोअर, साखर, मीठ, लोणी तेवढंच. बेकिंग पावडर १ छोटा चमचा आणि त्यासोबत पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा. दूध अर्धा कप आणि ताजं, फेटलेलं दही अर्धा कप. दह्यातलं आम्ल सोड्याला कामाला लावतं. सोडा मात्र बेताने घालावा. जास्त झाला की वॉफलला साबणासारखी चव येते आणि रंगही नको तितका गडद होतो. सोड्याऐवजी इनो चालतं का? चालतं, पण इनोचा सगळा जोर ओलं होताक्षणी सुटतो. ढोकळ्यासारखंच, घातलं की लगेच साच्यात ओतायचं. चार वॉफल एकामागून एक करायचे असतील तर शेवटच्या वॉफलपर्यंत पीठ बसलेलं असतं. बेकिंग पावडरचा फायदा इथे दिसतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बेकिंग पावडरी दोन टप्प्यांत काम करतात: थोडा वायू भिजवताना, उरलेला उष्णता लागल्यावर.

बेकिंग पावडरचा डबा वर्षभरापूर्वीचा असेल तर आधी चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहा. फसफसली तर वापरा. नुसती विरघळली तर डबा फेकून द्या, त्यातून दगडच निघतील.

कॉर्नफ्लोअर कशासाठी? मैद्यात ग्लुटेन असतं, ते पिठाला चिवटपणा देतं. पावाला तो हवा, वॉफलला नको. कॉर्नफ्लोअर म्हणजे नुसता स्टार्च, त्यात ग्लुटेन नाही. तो मिसळला की साल पातळ आणि खुसखुशीत होते. घरात कॉर्नफ्लोअर नसेल तर तेवढीच तांदळाची पिठी घाला. घावन करणाऱ्या घरात हे वेगळं सांगायला नको.

लोणी की तेल, हा प्रश्न चवीचा आहे आणि पाण्याचाही. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेल्यात बरंचसं पाणी. घरच्या लोण्यात तर पाणी आणखी जास्त असू शकतं. तेलात आणि तुपात पाणी जवळजवळ नसतंच, म्हणून त्यांचा वॉफल जास्त कुरकुरीत होतो. बटरचा वॉफल जास्त चविष्ट. अर्धं-अर्धं घेणं हा चांगला मधला मार्ग आहे. स्निग्धांश कमी करून 'हेल्दी' वॉफल करण्याचा प्रयत्न मात्र सहसा साच्यालाच चिकटतो, कारण वॉफल सुटून येतो तो मुख्यतः या स्निग्धांशामुळे.

भिजवताना

कोरडे जिन्नस एका भांड्यात चाळून घ्यायचे. ओले जिन्नस दुसऱ्या भांड्यात फेटायचे. लोणी कोमट हवं. कडकडीत गरम असेल तर अंडं शिजतं आणि दूध फ्रीजमधून थेट काढलेलं असेल तर लोण्याच्या गुठळ्या होतात. मग ओलं कोरड्यात ओतून १०-१२ वेळा ढवळायचं आणि थांबायचं. थोड्या गाठी राहिल्या तर राहू द्याव्यात. भज्यांचं पीठ फेटायची सवय असलेल्या हाताला हे अवघड जातं, पण मैदा जितका फेटाल तितकं ग्लुटेन तयार होतं आणि वॉफल रबरासारखा चिवट होतो. पाच-दहा मिनिटं झाकून ठेवलं की उरलेल्या गाठी आपोआप मुरतात.

पिठाचा दाटपणा इडलीच्या पिठाएवढा हवा. पळीतून जाडसर धारेने, थांबत थांबत पडलं पाहिजे. डोशाच्या पिठाइतकं पातळ झालं तर वॉफल खणांत नीट भरत नाही आणि वाफ संपता संपत नाही.

अंडं खाणाऱ्यांसाठी एक जास्तीची पायरी आहे आणि ती खरंच फरक पाडते. पांढरं आणि पिवळं वेगळं करायचं. पिवळं दुधात जातं. पांढरं कोरड्या, तेलाचा अंशही नसलेल्या भांड्यात फेस उभा राहीपर्यंत फेटायचं आणि अगदी शेवटी हलक्या हाताने पिठात मिसळायचं. त्या फेसातली हवा साच्यात प्रसरण पावते आणि वॉफल आतून हलका होतो.

कच्चं पीठ चाटून पाहायचा मोह घरात सगळ्यांनाच होतो, लहान मुलांना विशेष. ते टाळावं. कच्च्या अंड्याचा धोका बऱ्याच जणांना माहीत असतो, पण कच्चा मैदाही जंतुमुक्त केलेला नसतो.

यीस्टचा वॉफल, म्हणजे आंबोळीच्या वाटेने

ब्रसेल्सच्या धाटणीचा वॉफल हवा असेल तर बेकिंग पावडर सोडून यीस्टकडे जावं लागतं. काम वाढत नाही, फक्त आदल्या रात्री आठवण हवी. १ कप मैदा, अर्धा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, १ छोटा चमचा साखर, मीठ, १ कप कोमट दूध आणि ४ मोठे चमचे वितळवलेलं लोणी एकत्र करायचं. भांडं मोठं घ्यायचं, पीठ दुप्पट होतं. तासभर बाहेर ठेवून मग फ्रीजमध्ये. परदेशी रेसिपींत रात्रभर ओट्यावर ठेवायला सांगितलेलं असतं, पण मे महिन्यात नागपुरात तसं केलं तर सकाळपर्यंत पीठ आंबट होऊन भांड्याबाहेर आलेलं असेल. सकाळी त्यात १ अंडं फेटून घालायचं आणि साच्यात ओतायचं. आंबोळीला किंवा इडलीला आंबवल्यामुळे जी चवीची खोली येते, तीच इथे येते. बेकिंग पावडरच्या वॉफलला ती कधीच येत नाही, कितीही व्हॅनिला ओता.

लिएज वॉफलसाठीची मणी-साखर आपल्याकडे सहज मिळत नाही. चौकोनी शुगर क्यूब जाडसर कुटून घातले तर बऱ्यापैकी जवळ जाता येतं. खडीसाखरेचा पर्याय सुचवला जातो खरा, पण तिचे खडे दाताखाली कडक लागतात. शिवाय वितळलेली साखर साच्यात चिकटते आणि ती काढणं हे मोठंच काम आहे. नव्या मशीनचा पहिला प्रयोग हा नसावा.

साच्यात घालताना

मशीन रिकामं, बंद झाकणाने पाच ते सात मिनिटं तापवायचं. दिवा लागल्यावरही आणखी दोन मिनिटं. पाण्याचा थेंब टाकला तर तो तडतडून उडाला पाहिजे. ब्रशने तेलाचा पातळ हात दोन्ही पात्यांना, खणांच्या कोपऱ्यांसकट. तेलाचे स्प्रे कॅन सोयीचे वाटतात, पण त्यातल्या लेसिथिनमुळे नॉनस्टिकवर हळूहळू चिकट थर बसतो आणि मग मशीन खराब झालं असं वाटतं.

पीठ मध्यभागी ओतायचं, कडेपासून बोटभर जागा सोडून. ते स्वतः पसरतं. झाकण लावल्यावर दाबायचं नाही. दाबलं की पीठ बाहेर येतं आणि हवा निघून जाते. घरगुती मशीनला चार ते सहा मिनिटं लागतात. झाकण उचलताना किंचित अडल्यासारखं वाटलं तर ओढू नका, आणखी मिनिटभर थांबा.

वॉफल निघाला की ताटात नको, जाळीवर. गरम वॉफलमधून वाफ निघतच असते. खाली ताट असेल तर ती तिथेच अडकते आणि मिनिटाभरात तळ मऊ पडतो. एकावर एक ठेवले तर दोन्ही गेले. जाळी नसेल तर पापड भाजायची जाळी किंवा उलटी ठेवलेली चाळणही चालते. चॉकलेट सॉस खायच्या क्षणीच ओतायचा. रीलसाठी आधी ओतून दहा मिनिटं फोटो काढत बसलात तर हाती येईल तो ओला केक.

साफ करताना मशीन पाण्याखाली धरू नये, हे सांगावं लागू नये पण लागतं. प्लग काढून, गार झाल्यावर ओल्या कापडाने पुसायचं. खणांत अडकलेले कण लाकडी काडीने किंवा मऊ ब्रशने काढायचे. सुरी किंवा स्टीलचं उलथणं लागलं की नॉनस्टिक थर गेला. थर उलत असेल, पापुद्रे निघत असतील तर ते मशीन वापरणं थांबवलेलं बरं. रिकामं मशीन तासभर तापत ठेवणंही टाळा. नॉनस्टिकचा थर साधारण २६० अंशांपुढे बिघडू लागतो. थर्मोस्टॅट नीट असलेलं मशीन तिथवर जात नाही, पण नाव-गाव नसलेल्या स्वस्त मशीनबद्दल तसं छातीठोक सांगता येत नाही.

मशीनच नसेल तर?

गॅसवर धरायचे अॅल्युमिनियमचे साचे मिळतात. दोन मिनिटांनी उलटवत भाजायचं, स्वॉर्टवाउट यांच्या साच्यासारखंच. सँडविच टोस्टरमध्ये चव तीच येते, खण येत नाहीत. अप्पेपात्रात छोटे, बाहेरून कुरकुरीत गोळे होतात आणि मुलांना ते जास्त आवडतात असा अनेक घरांचा अनुभव आहे. तव्यावर केलं तर तो पॅनकेक. वाईट नाही, पण वॉफल नव्हे.

विजेची काळजी करण्याचं कारण नाही. ७५० वॅटचं मशीन २० मिनिटं चाललं तर पाव युनिट वीज लागते आणि ते साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतं.

कणीक, नाचणी, भाजणी

मैद्याऐवजी कणीक चालेल का, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. अर्धा मैदा, अर्धी कणीक छान जमतं. कोंडा पाणी जास्त पितो, म्हणून दूध दोन-तीन चमचे वाढवायचं आणि पीठ १५ मिनिटं मुरू द्यायचं. पूर्ण कणकेचा वॉफल होतो, पण जड होतो. नाचणीचं पीठ पाव भागापर्यंत बरं लागतं, त्यापुढे वॉफल उचलतानाच तुटायला लागतो.

थालीपिठाच्या भाजणीचा वॉफल आणि उरलेल्या इडलीच्या पिठाचा वॉफल हे दोन प्रयोग सध्या बरेच फिरतात. इडलीचं पीठ खरोखर उत्तम चालतं. आंबलेलं, हवेने भरलेलं, दाटपणाही योग्य. फक्त साच्याला आणि पिठाला तेल थोडं जास्त लागतं. भाजणीचं पीठ साच्यात जमण्यासाठी नेहमीपेक्षा सैल भिजवावं लागतं आणि त्यात तेलाचं मोहनही घालावं लागतं. होतो तो पदार्थ खमंग असतो, खणांत लोणी छान साचतं. पण त्याला वॉफल म्हणायचं की साच्यातलं थालीपीठ, यावर घरातली ज्येष्ठ मंडळी काय म्हणतील याचा अंदाज बांधता येतो.

पौष्टिकतेचं म्हणाल तर कणीक घातल्याने वॉफल नाश्त्याचा पौष्टिक पदार्थ होत नाही. त्यावर काय ओतलं जातं तिथे खरा हिशेब आहे. दुकानातला वॉफल घडी घालून चॉकलेट स्प्रेडने भरलेला असतो. घरी फळं, दही-मध किंवा थोडं गुळाचं पाकवणी घातलं तर साखर आपल्या हातात राहते. मधुमेह असलेल्यांसाठी मात्र मैदा हा मैदाच.

पैशांचा हिशेब सोपा आहे. वरच्या मापातला मैदा सात-आठ रुपयांच्या आत बसतो. खर्च होतो तो बटरवर. सगळं धरूनही एका साध्या वॉफलची किंमत दुकानातल्या वॉफलच्या काही अंशानेच येते. प्रीमिक्सच्या पाकिटामागची घटकांची यादी वाचली तर मैदा, साखर, स्टार्च, फुगवणारे घटक, मीठ आणि चवीची द्रव्यं, एवढंच बहुधा दिसतं. त्यात लोणी, दूध पुन्हा आपल्यालाच घालायचं असतं. वेळ वाचवायचा असेल तर कोरडे जिन्नस मोजून, एकत्र चाळून हवाबंद डब्यात भरून ठेवावेत. तेच घरचं प्रीमिक्स.

उरलेले वॉफल पूर्ण गार करून, मध्ये बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये ठेवले तर दोन-तीन आठवडे चांगले राहतात. वितळायची वाट न बघता थेट टोस्टरमध्ये किंवा मंद आचेच्या तव्यावर, दोन्ही बाजूंनी. मायक्रोवेव्हमध्ये ते चामड्यासारखे होतात.